कासव कोणाच्या भावकीतले?

मंडळी, पाल, मगर आणि कोंबडी या तिघींत कासवाला जवळची कोण, हे घरच्या पोरांना विचारून पाहा. बहुतेक जण पालीचे नाव घेतील. खरे उत्तर आहे मगर आणि कोंबडी!

हा निवाडा लागायला फार वर्षे गेली. सरपटणाऱ्या बहुतेक प्राण्यांच्या कवटीत मूळ ठेवणीनुसार डोळ्यामागे दोन-दोन भोके असतात. कासवाची कवटी मात्र बंद. म्हणून ते वेगळ्याच, फार जुन्या घराण्यातले, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानीत. पण २०१३ साली कासवाची जनुके सबंध वाचून झाली, तेव्हा ती मगर आणि पक्षी यांच्याशी अधिक जुळली. २०१५ साली जर्मनीतल्या एका २४ कोटी वर्षांपूर्वीच्या आद्य कासवाची माहिती प्रसिद्ध झाली. त्याच्या कवटीत ती भोके होती! म्हणजे ती पुढे बुजली. त्याच्या पाठीवर ढालही नव्हती, नुसत्या रुंद फासळ्या होत्या. पुढच्या पिढ्यांत त्याच फासळ्या पसरून कण्यासह ढाल बनली. म्हणूनच कासवाला कवच सोडून बाहेर येता येत नाही.

आता वंशावळ मांडू. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी एका मूळ घराण्याच्या दोन शाखा झाल्या. एकीत कासवे आली. दुसरीत मगरी आणि डायनोसॉर आले, आणि डायनोसॉरच्या एका पोटशाखेतून पक्षी झाले. म्हणजे कासव हा डायनोसॉरचा बापही नव्हे आणि लेकही नव्हे, तो चुलतभाऊ. थेट वंशज म्हणाल तर आपल्या खुराड्यातली कोंबडी!

हे भाऊबंद आपल्याच मातीत एकत्र नांदले. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावच्या शिवारात डायनोसॉरची हाडे आणि दगड झालेली विष्ठा सापडली. तिथेच कासवाचेही अवशेष मिळाले.

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पक्षी तेवढे उरले, बाकीचे डायनोसॉर नष्ट झाले. कासव मात्र त्या संकटातून तरले. आज त्याला भीती आहे ती माणसाची. कोणी खाण्यासाठी, कोणी विकण्यासाठी, तर कोणी गुप्तधनाच्या खुळापायी त्याला धरतो. कासवाने कोणाला धन मिळत नाही. उलट आपल्याकडील कासवे पकडणे वा विकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

तेव्हा मंडळी, पाटात किंवा बांधावर कासव आढळले, तर त्याला जवळच्या पाण्याची वाट मोकळी करून द्या. पोरांना ते दाखवा आणि हे नातेही सांगा.