फवाऱ्याचे पाणी आणि ‘नॅनो’ची भुकटी



गेल्या रविवारी वंदना झाल्यावर वस्तीतला एक तरुण आम्हाला विहाराच्या पायरीवर भेटला. त्याच्या कारखान्यात तापलेल्या लोखंडावर पाण्याचा फवारा मारून ते निववितात. आता त्या पाण्यात ‘नॅनो’ भुकटी घालणार आहेत. तो म्हणाला, “काका, यानं खरंच लवकर निवतं का? आणि आमच्या जिवाला काही अपाय?” वाचून, विचारून जे कळले ते येथे मांडत आहोत.

फवाऱ्याची खरी ताकद पाण्याची वाफ होण्यात आहे. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापताना ७० कॅलरी उष्णता घेते. त्याच पाण्याची वाफ होताना सुमारे ५४० कॅलरी ओढल्या जातात. पण धातू फारच तापला असेल तर थेंब टेकतच नाही. भाकरीच्या कडक तापल्या तव्यावर पाणी शिंपडले की थेंब नाचत पळतात, कारण त्यांच्याखाली वाफेची गादी होते. ती उष्णता अडविते. जर्मनीच्या लायडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ साली याचे वर्णन केले.

म्हणून पाण्यात काही मिसळण्याची युक्ती निघाली. साबणासारखा पदार्थ घातला की थेंब पसरतो. टोरंटो विद्यापीठातील क्याओ आणि चंद्रा यांनी १९९८ साली दाखविले, की असा पदार्थ अगदी थोडा घातला तरी फवाऱ्याचे पाणी लवकर उकळू लागते आणि उष्णता जास्त निघते.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. इतके बारीक कण मिसळलेल्या द्रवाला अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेच्या स्टीफन चोई यांनी १९९५ साली ‘नॅनोफ्लुइड’ म्हटले. मग मोठमोठे दावे झाले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तीसहून अधिक संस्थांनी तेच नमुने तपासले. उष्णता वाहून नेण्याची शक्ती जुन्या सिद्धांताने सांगितली होती तेवढीच वाढलेली दिसली. जादू काही नव्हती.

फवाऱ्यात आणखी एक गोष्ट घडते. पाणी उडून जाते, कण धातूवर राहतात. बंबात क्षार धरतो तसा थर बसतो. हा थर पाणी धरून ठेवतो, त्यामुळे कधी फायदा होतो. तोच जाड झाला की उष्णतेला आडवा येतो. शिवाय कण तळाशी बसतात, नोझल तुंबते. म्हणजे कोठे लाभ, कोठे तोटा. आपल्याच मशीनवर मोजल्याशिवाय काही सांगता येत नाही.

आता जिवाचे. मशीनवरच्या कूलंटच्या तुषारांमुळे दमा आणि कातडीचे विकार होतात, हे सिद्ध झालेले आहे. त्यात बारीक कण मिसळले तर काळजी अधिक घ्यावी लागेल. कोरडी भुकटी ओतताना ती उडून थेट छातीत जाते. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवीत नाही. तेव्हा भुकटीत काय आहे याची माहिती मराठीत लेखी मागा. तुषार ओढून घेणारा पंखा आणि योग्य मास्क मागा. एकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून मागा.

तथागतांनी कालामांना सांगितले, की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरूने सांगितले आहे, एवढ्यावरून काही मानू नका. त्यात आता ‘कंपनीच्या कागदावर छापले आहे’ हेही धरावे. प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुणाने धम्मच आचरला, असे आम्ही मानतो.

जय भीम!