श्वास मोजण्याची विद्या

लहान मुलास खोकला झाला म्हणजे घरांतील वडील माणसें कपाळास हात लावून ताप पाहतात. परंतु त्याचा श्वास मोजणारा विरळाच. आमच्या मतें शुश्रूषेचा पहिला धडा हाच असावा. साध्या पडशांत नाक वाहतें, खोकला येतो. पण श्वासाची गति फारशी वाढत नाहीं. न्यूमोनियांत फुप्फुसांतील वायुकोश द्रवानें भरतात व प्राणवायु अपुरा पडून मूल भरभर श्वास घेऊं लागतें.

मूल शांत असतां त्याची छाती व पोट उघडें करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आंत ६०, वर्षाच्या आंत ५०, व पुढें पांच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जात असेल, ओठ निळे पडले असतील किंवा मूल दूध घेईनासें झालें असेल, तर तत्क्षणीं रुग्णालय गांठावें.

हें काम पदवीधरांचेंच काय? गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतील आरोग्यसेवकांस व सुइणींस न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविलें. त्यानें बालमृत्यु घटल्याचा वृत्तांत १९९० सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत आला. ज्यांस फार पुढें मोजतां येत नसे, त्यांच्यासाठीं वाळूचें घड्याळ व मणी यांचें साधें साधन त्यांनीं बनविलें. मग शंभरापर्यंत अंक पाठ असलेल्या विद्यार्थ्यांनीं ही विद्या कां शिकूं नये? धाकट्या भावंडांच्या उशाशीं बसून तिचा अभ्यास आजच करावा.