समुपदेशकाने बाजू कोणाची घ्यावी?

सासर सोडून आलेली बाई आणि आपण समलिंगी आहोत हे आईवडिलांना सांगून मोकळा झालेला तरुण, यांची दुःखे वेगळी. पण दोघांनाही नातेवाइकांकडून एकच सल्ला मिळतो: एकदा समुपदेशकाला भेटा. त्यामागची अपेक्षाही बहुतेक वेळा आधीच ठरलेली असते. तिने पुन्हा नांदायला जावे आणि त्याने मुली पाहायला तयार व्हावे. उत्तर असे आधीच ठरवून बसवलेली बैठक हा दबाव असतो, मग तो कितीही मृदू आवाजात आणला जावो. घटस्फोट, वैधव्य, घरी स्वतःची ओळख उघड करणे, लिंगबदलाच्या उपचारांचा निर्णय अशा वळणांवर माणसाची जुनी नाती हललेली असतात आणि नवी अजून जुळलेली नसतात. अशा वेळी समुपदेशकाची बांधिलकी समोर बसलेल्या व्यक्तीशी हवी. तिच्या लग्नाशी किंवा घराण्याच्या अब्रूशी नको.

स्त्रियांच्या बाबतीत कायद्याने हे अर्धेमुर्धे ओळखले आहे. 1984च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायालयावर तडजोडीचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली. तडजोडीत पोटगी, मुलांचा ताबा, सन्मानाने वेगळे होणे हे सारे येऊ शकते. लोकांच्या मनात मात्र तिचा अर्थ ‘संसार जोडून देणे’ एवढाच उरला आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे 2006चे नियम अधिक स्पष्ट आहेत. हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळवणे हा समुपदेशनाचा हेतू असावा आणि केलेल्या हिंसेचे समर्थन प्रतिवादीला तिथे मांडू देऊ नये, असे ते सांगतात. हे का गरजेचे आहे, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) दिसते. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ 14 टक्के स्त्रियांनी मदत मागितली होती, तीही बहुतांशी माहेरच्या किंवा सासरच्या माणसांकडे. म्हणजे ‘थोडे सोस, सगळे ठीक होईल’ हा सल्ला ऐकून झाल्यावरच एखादी बाई सरकारी दारापर्यंत पोहोचते. तिथेही तेच ऐकावे लागले, तर ती पुन्हा येणार नाही.

समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींच्या वाट्याला याचे अधिक कठोर रूप येते. केरळमधल्या एका प्रकरणात मैत्रिणीला तिच्या आईवडिलांनी डांबून ठेवल्याची तक्रार एका स्त्रीने केली. उच्च न्यायालयाने त्या मैत्रिणीला समुपदेशनासाठी पाठवण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायिक अधिकाऱ्याने तिची भेट घेतली, तेव्हा आपण आईवडिलांकडेच राहू इच्छितो असे तिने सांगितले आणि न्यायालयाने ते मान्य केले. पण 11 मार्च 2024च्या त्या निकालात देशभरच्या न्यायालयांना बजावले गेले, की समुपदेशनाच्या मार्गाने कोणाची लैंगिक ओळख वा कल बदलण्याचा प्रयत्न करू नये. त्या व्यक्तीची इच्छा तिला दडपण वाटणार नाही अशा रीतीने जाणून घ्यावी. 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही असे ‘परिवर्तन उपचार’ हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. मात्र तो नियम डॉक्टरांना लागू आहे. दारावर नुसती ‘समुपदेशक’ अशी पाटी लावून बसलेल्याला तो बांधत नाही, आणि घाबरलेले पालक अनेकदा अशाच दारात जातात.

यावर पहिला आक्षेप असा, की आपल्याकडे कुटुंब हाच शेवटचा आधार आहे. समुपदेशकाने व्यक्तीची बाजू घेतली तर तो आधारही तुटेल. या काळजीत तथ्य आहे. एकट्या बाईला भाड्याची खोली मिळत नाही आणि पारलिंगी मुलाला घराबाहेर काढल्यावर त्याचे शिक्षण थांबते, हे वास्तव आहे. पण म्हणूनच समुपदेशनाची खरी गरज बहुधा कुटुंबाला असते. 2021 साली मद्रास उच्च न्यायालयात मदुराईहून पळून आलेल्या दोन तरुणींचे प्रकरण आले, तेव्हा न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी त्यांच्या पालकांनाही समुपदेशकाकडे पाठवले. इतकेच नव्हे, आपल्याला हा विषय पुरेसा कळत नाही असे सांगून ते स्वतः मानसशास्त्रज्ञांसमोर बसले. आधार टिकवायचा असेल तर बदलाचे ओझे सर्वांत दुबळ्या माणसावर टाकायचे नाही, हे त्यातून शिकता येते.

दुसरा आक्षेप घाईचा आहे: असे समुपदेशक लोकांना घटस्फोटाकडे किंवा शस्त्रक्रियेकडे ढकलतील. तसे कोणी करत असेल तर तेही तितकेच चूक, कारण तिथेही उत्तर आधीच ठरलेले आहे. व्यक्तीची बाजू घेणे म्हणजे तिच्या वतीने निर्णय घेणे नव्हे. पोटगी किती काळाने हाती येते, हार्मोन उपचारांचे कोणते परिणाम परत फिरवता येत नाहीत, हे सारे समजावून तिला सावकाश विचार करू देणे म्हणजे बाजू घेणे. पारलिंगी व्यक्तींच्या 2019च्या कायद्याने उपचारांच्या आधी आणि नंतरही समुपदेशन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, ती याच अर्थाने राबवली पाहिजे. केरळच्या त्या तरुणीने घरी राहणे निवडले. तो निर्णय तिचा होता म्हणून त्याला मान मिळाला.

राहता राहिला मनुष्यबळाचा प्रश्न. भारतात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरा पडत नाही. पण महाराष्ट्राने याचे उत्तर कधीच शोधून ठेवले आहे. 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या यंत्रणेतच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ केंद्र उभारले. दोन्ही ठिकाणी प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या काम करतात, आणि बाई जिथे आधीच येते तिथेच तिला मदत मिळते. हीच दारे समलिंगी व पारलिंगी व्यक्तींसाठी, तसेच कोणताही गुन्हा घडलेला नसताना केवळ वळणावर उभ्या असलेल्या स्त्रियांसाठी उघडता येतील. त्यासाठी राज्य सरकारने तीन गोष्टी कराव्यात: समुपदेशकांसाठी बंधनकारक आचारसंहिता, ओळख बदलण्याच्या प्रयत्नांवर डॉक्टरांपलीकडेही लागू होणारी बंदी आणि समुपदेशन केंद्रांच्या कामाचा हिशेब ‘किती संसार जुळवले’ या आकड्याने न मागण्याचा स्पष्ट आदेश. तो आकडा मागितला जाईल, तोवर समुपदेशक तोच आकडा भरत राहील, आणि समोरची व्यक्ती सुरक्षित झाली का, हे कोणीच विचारणार नाही.