आखूड केस आणि विस्मृत वस्तरा

लातूर-किल्लारीकडे लेकीने केस आखूड केले की अजूनही एखाद्या घरात ‘संस्कृती बुडाली’ असा आक्रोश होतो. संस्कृती इतकी तकलादू असती, तर शतकानुशतकांच्या आक्रमणांपुढे ती टिकलीच नसती!

ही फॅशन पाश्चात्त्यांची, यात शंका नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नर्तकी आयरीन कॅसल हिने केस कापले. १९२० च्या दशकात ‘बॉब’ युरोप-अमेरिकेत रूढ झाला. आपल्याकडे १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’मध्ये साधनाचे रुंद कपाळ झाकण्यासाठी ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर बटा कापल्या गेल्या आणि ‘साधना कट’ घरोघरी पोहोचला. हे निव्वळ अनुकरण. त्याला स्त्रीमुक्ती म्हणणाऱ्या जाहिरातबाजांची कीवच करावी.

परंतु संस्कृतिरक्षकांनीही आरशात पाहावे. याच महाराष्ट्रात विधवेचे केस धर्माच्या नावाने, तिला न विचारता उतरवले जात. आगरकरांनी त्यावर ‘सुधारक’मधून प्रहार केले. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. हातच्या मिळकतीवर पाणी सोडून! लेकींच्या आखूड केसांवर व्याख्याने झोडणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या नाभिकांची आठवण आहे?