विश्लेषण : लहान मुलांच्या फुटबॉल संघाला चाली किती शिकवाव्यात?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अधिवेशन झाले. लॉस एंजेलिस २०२८ साठी क्रिकेटची निवड झाल्याची भारतात मोठी चर्चा झाली. त्याच यादीत फ्लॅग फुटबॉलही होता. अमेरिकन फुटबॉलच्या या प्रकारात प्रतिस्पर्ध्याला खाली पाडायचे नसते, त्याच्या कमरेची पट्टी ओढायची असते. ऑलिम्पिकमुळे हा खेळ नव्या देशांत पोहोचेल, तसा अमेरिकेतील प्रशिक्षकांचा एक जुना वादही पोहोचेल. आठ-दहा वर्षांच्या मुलांना मोजक्या चाली पक्क्या शिकवायच्या की जाडजूड ‘प्लेबुक’ हातात द्यायचे?

चाल म्हणजे नेमके काय?

पारंपरिक अमेरिकन फुटबॉलमध्ये एका संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचे असते. प्रत्येक प्रयत्नाआधी एक चाल ठरते आणि तीत अकराही जणांचे काम ठरलेले असते. कोणी कोणाला अडवायचे, कोणी कुठे पळायचे, चेंडू कोणाकडे जाणार, हे सगळे आधीच ठरते. दहा जणांनी काम चोख केले आणि एक जण विसरला, तरी चाल फसते. चाली ३० असतील, तर प्रत्येक मुलाला आपली ३० कामे लक्षात ठेवावी लागतात. शिवाय समोरचा संघ वेगळ्या पद्धतीने उभा राहिला की त्यातले तपशील बदलतात.

चाली वाढल्या की काय बिघडते?

पहिली अडचण वेळेची. समजा, सरावात आक्रमणासाठी एक तास आहे आणि एका चालीला एक मिनिट लागते. सहा चाली असतील तर प्रत्येक चाल दहा वेळा घोटता येते. ३० असतील तर फक्त दोनदा.

दुसरी अडचण प्रतिक्रियेची. पर्याय वाढले की निर्णयाला लागणारा वेळही वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्येच प्रयोगातून दाखवले होते. मैदानात याचा अर्थ असा की ‘मी कोणाला अडवू?’ या विचारात मूल क्षणभर थबकते. तेवढ्यात प्रतिस्पर्धी त्याला ओलांडून जातो आणि चेंडू घेऊन पळणाऱ्या मुलावर आदळतो. मार एका मुलाला बसतो, बोलणी दुसऱ्याला. असे वारंवार झाले की ‘हा खेळ आपल्याला जमत नाही’ असे त्या मुलाला वाटू लागते. प्रत्यक्षात त्याला पुरेसा सरावच मिळालेला नसतो.

मोठे संघ तर शेकडो चाली वापरतात?

व्यावसायिक ‘एनएफएल’च्या खेळाडूंचे ते पूर्णवेळ काम आहे. ते सामन्यांच्या चित्रफिती तासन् तास पाहतात. १९९४ पासून तेथे क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोहोचतो. आठवड्यातून दोन-तीनदा सराव करणाऱ्या मुलांची तुलना त्यांच्याशी होऊ शकत नाही.

साधेपणावर भर देणारे मोठ्या पातळीवरही आहेत. विन्स लोम्बार्डी यांच्या ग्रीन बे पॅकर्सची ‘स्वीप’ ही चाल साऱ्या प्रतिस्पर्ध्यांना ठाऊक होती. तरी या संघाने १९६१ ते १९६७ या सात वर्षांत पाच विजेतेपदे मिळवली. टेक्सास टेक विद्यापीठात माइक लीच यांनीही मोजक्याच चाली पुन्हा पुन्हा घोटून घेतल्या आणि त्यांचा संघ पासिंगमध्ये देशात आघाडीवर राहिला.

साधेपणाचे तोटे कोणते?

दोनच चाली असतील तर समोरचा संघ त्या लवकर ओळखतो. त्याहून मोठा धोका म्हणजे ‘सर्वात वेगवान मुलाला चेंडू द्या’ हीच चाल होऊन बसते. सामने जिंकता येतात, पण बाकीचे दहा जण फारसे काही शिकत नाहीत. पुढे शाळेच्या संघात सगळेच वेगवान असतात, तेव्हा त्या एकाचाही निभाव लागत नाही.

मधला मार्ग आहे का?

आहे, आणि तो जुनाच आहे. १९५० च्या दशकात डेलावेअर विद्यापीठाने नावारूपाला आणलेल्या ‘विंग-टी’ पद्धतीत अनेक चालींची सुरुवात सारखीच दिसते. चेंडू कधी बाहेरून जातो, कधी मधून, तर कधी क्वार्टरबॅक तो स्वतःकडेच ठेवतो. अडवणाऱ्या मुलांचे नियम मोजके राहतात, गोंधळ मात्र बचाव करणाऱ्यांचा उडतो. उभे राहण्याची रचना बदलून किंवा एका खेळाडूला आधी बाजूला पळवूनही तीच चाल नवी भासवता येते.

प्रशिक्षकाला यातून एक सोपी कसोटी मिळते. नवी चाल देण्याआधी जुन्या चालीतले आपले काम कोणत्याही मुलाला विचारावे, आणि ते का करायचे हेही विचारावे. अकराही जणांना उत्तर देता आले, तर सातवी चाल शिकवायला हरकत नाही.