पिवळ्या नोटेचा शुक्रवार

तारीख 26. पगाराला अजून पाच दिवस. मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो, शिल्लक वाचून तोंड कडू होतं, आणि नेमकं त्याच वेळी ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतं, 'फ्रायडे लंच?' धडाधड अंगठे वर. तुमचाही वर, माझाही वर. नाही म्हणायचं कसं बॉस?

आमच्या ग्रुपवर मात्र एक अंगठा यायचा बंद झाला. टीममधला सगळ्यात ज्युनिअर मुलगा. नांदगावकडचा, इंदिरानगरला तिघांत एक रूम घेऊन राहणारा, कामाला एकदम सही. दर शुक्रवारी त्याचं उत्तर ठरलेलं, 'आज उपास आहे.' सलग चार शुक्रवार उपास! आमच्यातल्या एकीने तर त्याच्या नावावर संतोषी मातेचं व्रतसुद्धा लावून टाकलं.

पाचव्या शुक्रवारी मी विसरलेला चार्जर घ्यायला परत वर गेले, तर पठ्ठ्या पॅन्ट्रीत एकटाच डबा खात बसलेला. पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, कांदा.

'हा कुठला रे उपास?' मी विचारलं.

तो ओशाळला. मग म्हणाला, 'ताई, पैसे नाहीत असं नाही. पण मागच्या टायमाला मी दालखिचडी खाल्ली एकशेऐंशीची, आन् गेले सहाशे.'

खरं सांगते, मला काही सुचेना. कारण ते बिल मीच वाटलं होतं. तीन हजार सहाशे भागिले सहा, 'इक्वलच टाकते रे सगळ्यांना', आणि पटापट रिक्वेस्ट पाठवून मोकळी. कॉलेजात असताना आपला टीटीएमएमचा फंडा किती क्लिअर होता! तुझं तू, माझं मी. कटिंग चहाचे पैसेही वेगळे. पगार सुरू झाला आणि हिशेब करणं म्हणे चीप वाटायला लागलं. मग होतं काय, जो सगळ्यात कमी खातो तोच सगळ्यात जास्त भरतो. आणि बोलत नाही. फक्त उपास करायला लागतो.

बिलाचं पोस्टमॉर्टेम

ते बिल मी घरी येऊन पुन्हा पाहिलं. पाच सूप, तीन स्टार्टर, चार मॉकटेल. एवढ्याचेच झाले होते दोन हजारांच्या वर. म्हणजे रोटीचा पहिला तुकडा मोडायच्या आत निम्म्याहून जास्त पैसे संपलेले! आणि आठवतंय का कुणाला, त्या मॉकटेलची चव कशी होती? मला तर रंगच आठवतो. निळा.

मग आम्ही एक नियम केला. माणशी दोनशेची एक नोट. ऑगस्ट 2017 मध्ये आली ना, ती पिवळी. यूपीआयच्या जमान्यात नोटा कोण काढतं, असं म्हणत सगळे आधी हसले. पण मुद्दा नोटेचा नव्हता. निघण्यापूर्वीच सहा नोटा एका डब्यात टाकायच्या, आणि जे मागवायचं ते या बाराशेत. आधी पैसे, मग ऑर्डर. शेवटी बिल आल्यावर एकमेकांकडे बघणं नाही आणि 'मी सूप घेतलं नव्हतं' हे मनातल्या मनात गिळणं नाही.

प्रश्न एवढाच होता की दोनशेत नाशकात चांगलं खाता येतं का? मंडळी, उत्तर आहे, जाम चांगलं. फक्त कुठे जायचं यापेक्षा किती वाजता आणि कशासाठी जायचं हे कळायला हवं.

सकाळ मिसळीची

नाशिककराला मिसळीवर लेक्चर द्यायचं म्हणजे गोदाकाठी पाणी विकण्यासारखं आहे. तरी एक गोष्ट बघा. आपल्याकडे मिसळीची नावं घेताना माणूस लगेच एरिया सांगतो. पंचवटीत अंबिका, सातपूरला श्यामसुंदर, कॉलेज रोडला तुषार, चुलीवरची हवी तर साधना, द्राक्षांच्या मळ्यात बसायचं तर मखमलाबाद रोडची ग्रेप एम्बसी. कुणाचा रस्सा काळ्या मसाल्याचा, कुणाचा लालभडक. वाद घालायला आख्खा रविवार पुरत नाही.

हे सगळं स्वस्तात का जमतं? कारण साधं आहे. तिथे सगळा भर एका पदार्थावर असतो. एकशेवीस पदार्थांचं मेनूकार्ड सांभाळायचं तर पनीर, मश्रूम, बेबीकॉर्न सगळं फ्रिजमध्ये भरून ठेवावं लागतं, त्याची नासाडी होते, आणि ती नासाडी तुमच्या बिलात येते. मिसळवाल्याची मटकी रात्री मोड काढून सकाळी शिजते आणि दुपारपर्यंत संपते. ताजं आणि स्वस्त या दोन गोष्टी इथे एकाच कारणाने मिळतात.

म्हणून आमचा पहिला शुक्रवार आम्ही लंचचा काढून ब्रेकफास्टचा केला. साडेआठला मिसळ, साडेनऊला ऑफिस. रस्सा पुन्हा मागायला लाजायचं नाही, नाशकात तो पुन्हा वाढतात. पण पाव बेताने. आधी रस्सा, मटकी आणि शेव संपवा, दही शेवटच्या तिखट घासासाठी राखा. जादा पावाच्या जोडीने पोट फुगतं आणि अकराच्या मीटिंगमध्ये डोळे मिटतात. अनुभवाचे बोल आहेत!

दुपार शेवभाजीची

हॉटेलिंग म्हटलं की पनीर हवंच, हा नियम कुणी केला कोण जाणे. आपल्या बाजूला खानदेश आहे हे आपण मेनूकार्ड हातात आलं की विसरतो. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि त्यात जाडी शेव. शेवभाजीत महाग काहीच नाही, पण आचारी जाणता असला तर पनीर बटर मसाल्याने लाजावं. थंडीत वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाली तर आणखी काय हवं?

सातपूरच्या बाजूला एका साध्या हॉटेलातलं आमचं एका शुक्रवारचं बिल देते, कागद जपून ठेवलाय. शेवभाजी, भरीत आणि व्हेज कोल्हापुरी मिळून 540. दालफ्राय 140. सोळा रोट्या 320. एक जिरा राइस 130. एकूण 1130, वर पाच टक्के जीएसटी 56 रुपये 50 पैसे. झाले 1186 रुपये 50 पैसे. सहा जण पोटभर जेवले आणि डब्यात तेरा रुपये पन्नास पैसे उरले. त्याची बाहेरच्या टपरीवर बडीशेप आली.

यातलं गणित लक्षात घ्या. हॉटेलातली एक भाजी बहुतेक ठिकाणी दोघांना पुरते. त्यामुळे 'माणशी एक' मागवण्यापेक्षा डोकी मोजा, दोनाने भागा आणि एक डाळ वाढवा. भात सगळ्यांत मिळून एक. कमी पडलं तर पुन्हा मागवता येतं, उरलेलं मात्र परत करता येत नाही.

आणि हो, खानावळींना विसरू नका. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या गल्ल्यांत मुलांच्या मेस असतात. पोळी, दोन भाज्या, वरण, भात. तिथल्या काकू 'अजून एक पोळी घे गं' म्हणतात ते फुकटच असतं. दहा जेवणांचं कार्ड एकदम काढलं तर बऱ्याच ठिकाणी दर आणखी उतरतो.

संध्याकाळ जुन्या नाशकात

एका शुक्रवारी काम लवकर संपलं आणि आम्ही गाड्या लांब लावून मेनरोडला पायी शिरलो. इथे एका टेबलावर बसून जेवायचंच नाही. थोडं थोडं खात चालायचं. सायंताराचा साबुदाणा वडा, दोघांत एक प्लेट. मग पाववडा. पावाच्या पोटात बटाट्याची भाजी भरून आख्खा पावच बेसनात बुडवून तळायचा, ही आयडिया ज्याला सुचली त्याला नोबेल द्यायला हवं. पुढे गोड म्हणून बुधा हलवाईची जिलेबी. घरच्यांसाठी कोंडाजींचा चिवडा हवा असेल तर तो आपापल्या खिशातून, डब्यातून नाही! मग दहीपूल उतरून खाली गोदाघाट. पायऱ्यांवर बसून गप्पा फुकट. एसी नाही, व्हॅले पार्किंग नाही, तरी दोन तास गेले ते कळलंच नाही.

आणि महागडी जागा?

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे वायनरीचं नावच काढायचं नाही का? काढायचं की! द्राक्षांच्या गावात राहून सुलाचा सूर्यास्त पाहिला नाही असं कसं चालेल? राजीव सामंतांनी 1999 मध्ये सुला सुरू केली, त्यानंतर 'नाशिकची वाइन' हा शब्द देशभर गेला. पण तिथे नोटेचा रंग बदलतो. त्यामुळे वाढदिवस, प्रमोशन अशा दिवसासाठीच जायचं, घरून किंवा मेसमधून जेवून जायचं आणि तिथे दोघांत मिळून एखादी गोष्ट घ्यायची. व्ह्यूवर जीएसटी नाही.

भारी हॉटेलात खायचंच असेल तर न्यूयॉर्कवाल्यांची युक्ती घ्या. 1992 साली तिथल्या नामांकित रेस्टॉरंट्सनी एकत्र येऊन 'रेस्टॉरंट वीक' काढला. दुपारचं जेवण 19 डॉलर 92 सेंट, म्हणजे त्या सालाचाच आकडा. एरवी ज्या दारातून आत जायची हिंमत नव्हती तिथे लोक दुपारी जेवून आले. अमेरिकेत एरवी बिलावर टॅक्स आणि त्यावर 15 ते 20 टक्के टिप द्यावी लागते, त्यामुळे तिथला नोकरदार असे दिवस हेरूनच असतो. आपल्याकडेही बुफेवाल्या बऱ्याच हॉटेलांत सोमवार ते शुक्रवार दुपारचा दर शनिवार-रविवारच्या रात्रीपेक्षा कमी असतो. पदार्थ बरेचसे तेच. वाट बघायला लागत नाही हा बोनस.

बिल वाचा, लाजू नका

साध्या रेस्टॉरंटमध्ये, एसी असो वा नसो, नोव्हेंबर 2017 पासून जीएसटी पाच टक्के आहे. महागड्या खोल्यांच्या स्टार हॉटेलात तो 18 टक्के लागू शकतो. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या हॉटेलांना बिलात वेगळा जीएसटी लावताच येत नाही.

सर्व्हिस चार्जचं काय? 4 जुलै 2022 च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की तो बिलात आपोआप लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही 28 मार्च 2025 च्या निकालात त्या उचलून धरल्या. एका ठिकाणी आमच्या बिलात तो लागलाच होता. नाव नको. मी शांतपणे 'दादा, एवढं काढून द्या' म्हटलं, त्यांनी काढून दिला. नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइन 1915. मात्र वाचलेल्या पैशातले थोडे वाढणाऱ्या मुलाच्या हातात द्या. तोही महिनाअखेरच मोजत असतो.

आणि बसल्याबसल्या 'बिसलेरी की साधं?' विचारलं तर आवाज न चोरता म्हणा, 'साधं!'

मग उपासाचं काय झालं?

पहिल्या दोन पिवळ्या शुक्रवारी तो आला. तिसऱ्या शुक्रवारी पुन्हा, 'आज उपास आहे.' मी म्हटलं, आता काय चुकलं? तर या वेळी त्याने सरळ सांगितलं. 'ताई, दोनशे परवडतात. पण चार शुक्रवारचे आठशे होतात. घरी पाठवायचे असतात.'

आमच्या सगळ्या हुशारीतून हे सुटलंच होतं. आम्ही जेवण स्वस्त केलं आणि शुक्रवार मोजायचे विसरलो.

आता महिन्यात दोनच शुक्रवार बाहेर. उरलेले दोन ऑफिसच्या गच्चीवर, आपापला डबा मध्ये ठेवून. त्याची बटाट्याची सुकी भाजी पहिल्यांदा संपते, कारण तिच्यात तो घरून आणलेला काळा मसाला घालतो. मेसच्या काकूंची मेथी शेवटी उरते, ती मी खाते.

येत्या पिवळ्या शुक्रवारी जागा निवडायची पाळी त्याची आहे. त्याने ग्रुपवर टाकलंय, 'पंचवटी. सकाळी आठ. उशीर करणाऱ्याला रस्सा नाही.' सहा अंगठे वर आलेत. तुमच्या ग्रुपवरचा कुठला अंगठा हल्ली दिसत नाही, जरा बघा.