भाषादोषांचेही निदान हवे

आंतरवासितेतील विद्यार्थी आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात अनुभवासाठी येतात. त्यांनी इंग्रजीत लिहिलेले रुग्णवृत्त वाचताना ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि ‘या मुलांना साधे व्याकरण येत नाही’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. परंतु केवळ लक्षण पाहून थांबणाऱ्या, हेतूचा शोध न घेणाऱ्या वैद्यास आपण वैद्य म्हणत नाही. मग भाषेच्या बाबतीत हाच न्याय आपण का लावू नये?

नेहमी आढळणारे एक वाक्य पाहू : ‘पेशंट इज सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स थ्री डेज.’ येथे ‘हॅज बीन सफरिंग’ आणि ‘फॉर थ्री डेज’ हवे. ही चूक आळसातून आलेली नाही. ‘तीन दिवसांपासून ताप आहे’ आणि ‘सोमवारपासून ताप आहे’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच ‘पासून’ पुरतो व क्रियापद वर्तमानकाळीच राहते. इंग्रजी मात्र कालावधीस ‘फॉर’ आणि आरंभास ‘सिन्स’ असा भेद करते. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीत. म्हणून ती गाळली जातात वा भलत्या जागी पडतात. आपल्या चर्चेला ‘विषयी’ लागते, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ येते. चुकांनाही असा नियम असतो. शिकणाऱ्याच्या चुका हा त्याच्या शिकण्याच्या प्रक्रियेचा पुरावा होय, असे पिट कॉर्डर यांनी 1967 मध्येच मांडले. या मधल्या अवस्थेतील भाषेला लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये ‘इंटरलँग्वेज’ असे नाव दिले.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हेतू आणखी खोल आहे. अनेक मुलांच्या घरी वऱ्हाडी बोलली जाते. पुसद-दिग्रसकडील तांड्यांवर बंजारा, तर केळापूर-झरी जामणीकडील पोडांवर कोलामी ही घरची भाषा आहे. अशा विद्यार्थ्यास प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. त्याला हसणे म्हणजे रुग्णाची प्रकृती व देश न पाहता औषध देण्यासारखे आहे.

याचा अर्थ चुकांकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. मात्र बलाबल पाहिले पाहिजे. उपपद गळाले तरी रुग्णाचे सहसा काही बिघडत नाही. परंतु ‘पेशंट स्टॉप्ड टू टेक मेडिसिन’ असे लिहिले की ‘औषध घेणे बंद केले’ याऐवजी ‘औषध घेण्यासाठी थांबला’ असा अर्थ होतो. ‘ऑल मेडिसिन्स वेअर नॉट टेकन’ या वाक्यावरून एकही औषध घेतले नाही, की काही घेतली व काही राहिली, हे कळत नाही. रुग्णास नागपूरला पाठविताना सोबतच्या पत्रात असे वाक्य गेले, तर तेथील चिकित्सकाने कशावर विसंबावे? औषधालयांच्या चालकांनीही सावध असावे. आपला ‘पर्यंत’ इंग्रजीत दुभंगतो. ‘सोमवारपर्यंत माल पाठवू’ येथे ‘बाय मंडे’ हवे. ‘टिल मंडे’ लिहिल्यास सोमवारपर्यंत पाठवीत राहू, नंतर नाही, असा अर्थ निघतो.

काही बंधू म्हणतील, मग इंग्रजीचा हट्टच कशाला? रुग्णाशी बोलणे व त्याला पथ्यापथ्य लिहून देणे मराठीतच व्हावे, याविषयी दुमत नाही. तथापि अन्य पद्धतीच्या तज्ज्ञांशी पत्रव्यवहार आणि परप्रांतीय वाचकांसाठी शोधनिबंध इंग्रजीवाचून अडतात. तेथे आपला विद्यार्थी भयाने गप्प राहिला, तर त्याचे चांगले निरीक्षणही वहीतच राहते.

म्हणून एक सूचना. आपल्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याकडून आठवड्यास एक रुग्णवृत्त आधी मराठीत व मग इंग्रजीत लिहून घ्यावे. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून, जेथे अर्थ बदलतो तेवढेच प्रथम दुरुस्त करावे आणि चुकीचे कारण त्याच्याकडूनच वदवून घ्यावे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर एक पिढी अशाच तुलनेने इंग्रजी शिकली. सगळे पान लाल शाईने भरल्याने विद्यार्थी लिहिणेच टाकतो. कारण उमगले की तो स्वतःच दोष टाळू लागतो. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आपणच त्याला शिकवितो. त्याच्या वहीपासून आपण त्याचा आरंभ करावा.